बुसानचा गोटा

त्र्यंबक पेंडसे बुसानला जाणार आहे, ही बातमी अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींना कळली, त्याच्या जेमतेम अर्धा मिनिट आधी ती खुद्द त्र्यंबकला कळली होती.

त्याचं असं झालं. विक्रमकडे पॉटलक होतं. पॉटलक म्हणजे यजमानाने घर द्यायचं, पाहुण्यांनी जेवण आणायचं, आणि आपणच आणलेलं जेवण जेवताना यजमानाच्या प्रवासाची वर्णनं ऐकायची. विक्रमचं पोर्तुगाल चालू होतं. उन्हाळ्यापासून चालूच होतं. विक्रम मूळचा नागपूरचा, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत वेळेवर घुसल्यामुळे आता अमेरिकेचा निळा पासपोर्ट खिशात घालून बसलेला. त्याला कुठलाही देश म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. त्र्यंबकही इथे पंधरा वर्षं होता. पण त्याच्या वेळेपर्यंत रांगेचं शेपूट इतकं लांबलं होतं, की नंबर लागेल तेव्हा तुम्ही रिटायर झालेले असाल, असं त्याच्या वकिलानेच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"तुझं बरंय यार," विक्रम म्हणाला, "दर वर्षी गाडी काढायची, मर्टल बीच. नो टेन्शन."

हे तो अगदी मायेने म्हणाला, आणि तिथेच घात झाला. टोमणा परवडतो, माया परवडत नाही. पुण्याच्या माणसाला तर मुळीच नाही.

"या वर्षी नाही," त्र्यंबक म्हणाला. "थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कोरियाला चाललोय. बुसान. सोलहून ट्रेनने."

पोळ्यांवर तूप लावणाऱ्या सुलेखाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, हात हवेत थांबला. पंधरा वर्षांची अनिका कोपऱ्यात फोनमध्ये होती, तिने मान वर केली. बाबाचं काही बोलणं ऐकून तिने मान वर करण्याची त्या वर्षातली ती पहिलीच वेळ असावी. कारण बुसान हे तिचं दैवत होतं. घरात अष्टौप्रहर कोरियन मालिका लावून ती बसायची, आणि त्यातलं दर तिसरं पात्र प्रेमात पडलं किंवा प्रेमातून उठलं की ट्रेन पकडून बुसानच्या समुद्रावर जाऊन उभं राहायचं. सोफ्यावर डुलक्या घेता घेता त्र्यंबकच्या कानांवर जे काही पडलं होतं, ते नेमकं नको तेव्हा तोंडातून बाहेर पडलं.

घरी येताना गाडीत सुलेखाने एवढंच विचारलं, की हे कधी ठरलं. त्र्यंबक म्हणाला, सरप्राइज होतं. तसं ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कोरियाला आजवर कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला त्याची खडान्खडा माहिती होती. तिथे सगळ्यात मासे असतात, पाण्यात सुद्धा असतात, तेव्हा दशम्या घेऊन जा. तिथे वाकून नमस्कार करतात, तेव्हा तुझी कंबर आधी दाखवून घे. विक्रमची बायको नीलांबरी हिने चेहऱ्याला लावायच्या कागदी मास्कची यादीच पाठवली, आणि ते तिथलेच हवेत, इथले नकोत, असं दोनदा बजावलं. कोणाला गुडघ्यांसाठी जिनसेंग हवं होतं. जोगळेकरांच्या सासूबाईंना भात शिजवायचा कुकर हवा होता. स्वतःच्या पैशांनी कोरियाला निघालेला माणूस बघता बघता मंडळाचा हमाल झाला. आणि त्याला ते आवडतही होतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना 'येताना आणा' सांगणाऱ्याला पहिल्यांदाच कोणीतरी 'येताना आण' म्हणत होतं.

सगळ्यात शेवटी मिसेस हान आल्या. या त्यांच्या लगतच्या शेजारीण, वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. सहा वर्षांत त्या दारात आल्या होत्या त्या फक्त कचऱ्याचा डबा रस्त्यावर फार वेळ राहतो हे सांगायला. त्यामुळे त्यांना पाहताच त्र्यंबक सवयीने डब्याकडे धावला. पण त्या डब्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या अनिकाने त्यांना बुसानचं सांगितलं होतं. त्या बुसानच्याच. लग्न होऊन अमेरिकेत आल्या, त्याला पन्नास वर्षं उलटली होती, आणि आता डॉक्टर विमानात बसू देत नव्हते.

बंदराच्या टोकाला, कड्याखाली एक किनारा आहे, त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. वाळू नाही, नुसते गोल गोटे. लाट परत जाताना ते एकमेकांवर घासतात आणि आवाज होतो. लहानपणी त्या तिथे आईची वाट बघत बसायच्या. आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढायची.

"तिथला एक गोटा आणाल?" त्यांनी विचारलं. "एकच. छोटा. तुमचं सामान जड व्हायला नको."

त्र्यंबक तत्काळ हो म्हणाला. हो म्हणायला त्याला काहीच लागत नसे.

मग कागदपत्रं सुरू झाली. कोरियाचा व्हिसा काढायचा म्हणून तो फोटो काढायला औषधांच्या दुकानात गेला, इथे फोटोही तिथेच निघतात. तिथल्या मुलीने काढलेल्या पहिल्या फोटोत त्याचे कान दिसत नव्हते, दुसऱ्यात चष्म्यावर दिवा चमकत होता, आणि तिसऱ्यात सगळं नियमात होतं, फक्त तो त्र्यंबक वाटत नव्हता. ऑफिसचं पत्र हवं म्हणून त्याने एचआरला लिहिलं. एचआरच्या बाईंनी विचारलं, तुझं एच-वनचं, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं, एक्स्टेन्शन आपण आत्ताच फाइल केलंय ना, मग तू बाहेर कसा जाणार? एकदा वकिलाशी बोल.

आता खरं सांगायचं, तर या व्हिसावरच्या माणसाला स्वतःच्या मुलीचा वाढदिवस आठवण्याआधी ही गोष्ट आठवते. पासपोर्टातला शिक्का संपलेला असेल तर देश सोडायचा नाही, कारण परत यायला नवा शिक्का लागतो आणि त्याची तारीख मिळता मिळता नोकरीचा तेरावा होतो. त्र्यंबक स्वतः मंडळात नव्या पोरांना हे ज्ञान फुकट वाटायचा. पण विक्रमच्या घरी त्या एका क्षणी तो पंधरा वर्षांचं शहाणपण पोर्तुगालच्या पायी विसरला. वकिलाने दोन ओळींत उत्तर पाठवलं, की प्रवास टाळावा. या वेळी तो हसला नव्हता.

"बरं झालं वेळेवर कळलं," सुलेखा म्हणाली. "विक्रमला सरळ सांग, कॅन्सल केलं. त्यात काय?"

त्यात काय, हे त्र्यंबकला तिला समजावता येईना. विक्रमला सांगायचं म्हणजे, मला जाता येत नाही, असं सांगायचं. आणि मग विक्रम पुन्हा मायेने बघणार. खांद्यावर हात ठेवणार. होईल रे तुझंही, म्हणणार. त्यापेक्षा बुडून मेलेलं बरं. पडलो तरी नाक वर, हे ज्यांच्या कुळात आहे त्यांना पडल्याचं दुःख नसतं, नाकाची काळजी असते.

दोन दिवस तो जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला उपाय सुचला. कॅरीच्या स्टेशनातून एक गाडी दक्षिणेला जाते. ती सव्हानाला थांबते. सव्हाना बंदर आहे. तिथे क्रेन आहेत, कंटेनर आहेत, जहाजं आहेत, आणि जहाजांवर काय लिहिलंय ते लांबून कोण वाचतंय? लाँग वीकेंड तोच, ट्रेन तीच, बंदर तेच. फक्त देश तेवढा वेगळा.

"सो वी आर लाइंग," अनिका म्हणाली. "कूल." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. पोरीला बुसान बघायचं होतं, खरोखर बघायचं होतं, आणि ते तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

सुलेखा म्हणाली, मी खोटं बोलणार नाही आणि तुझं उघडंही पाडणार नाही. मी ट्रेनमध्ये खिडकीशी बसणार. बाकीचं तू निस्तर.

निस्तरायला सुरुवातीपासूनच भरपूर होतं. विक्रमने एअरपोर्टला सोडायचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या मराठी माणसाला तुमचं घर पेटलं तर वेळ नसतो, पण एअरपोर्टला सोडायला तो पहाटे उठून येतो. नाही म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हा बुधवारी मोठ्या बॅगा, गळ्यात उशा, हातात तीन पासपोर्ट, अशी वरात विक्रमच्या गाडीतून एअरपोर्टला निघाली. विक्रमने बॅगा उतरवल्या, तिघांचा फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला, आणि शेवटची सूचना म्हणून सांगितलं की सिक्युरिटीला बूट काढ. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर पेंडसे कुटुंबाने टॅक्सी केली आणि बॅगा घेऊन परत कॅरीला आलं. स्टेशन त्यांच्या घरापासून इतकं जवळ, की एरवी ते चालत गेले असते.

गाडी लेट होती. पुढे मालगाडी होती म्हणे. फलाटावर कोणी ओळखीचं भेटेल या भीतीने त्र्यंबक टोपी कपाळावर ओढून, तोंडाला मास्क लावून, खांबाआड उभा राहिला. एकंदर अवतार असा, की ओळख नसलेले सगळेच त्याच्याकडे बघू लागले. सुलेखाने बाकावर दशम्यांचा डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि जिथे त्यांना कोणीच ओळखू नये अशा त्या फलाटावर लसणीच्या वासाने त्यांची जात, गाव आणि घराणं जाहीर केलं.

सव्हाना सुंदर होतं. हे सुलेखा आणि अनिका सांगतात; त्र्यंबकला माहीत नाही, कारण तो तिथे नव्हता, तो बुसानला होता. त्या गावात जिकडे बघावं तिकडे झाडांना शेवाळासारख्या करड्या दाढ्या लोंबतात. अशी दाढीवाली झाडं कोरियात नसतात, एवढं विक्रमलाही कळलं असतं, म्हणून दर फोटोआधी तो बायको-मुलीला दाढी नसलेल्या झाडापाशी हाकत नेई. झाड जमलं तर मागे झेंडा यायचा. झेंडा चुकवला तर शेंगदाणे उकडून विकणारी गाडी यायची. शेवटी नदीकाठी त्याला मनासारखं एक जहाज मिळालं, मागे क्रेन, वर निव्वळ आकाश. फोटो त्याने ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'बुसानची रम्य सकाळ'. तिथली वेळ इथल्यापेक्षा चौदा तास पुढे. तो आकडा त्याने हातावर पेनने लिहून ठेवला होता आणि दर फोटोला बोटांवर मोजत होता. त्या नादात त्याचं जेवण थंड झालं.

विक्रमने व्हिडिओ कॉल केला. त्र्यंबकने कट केला आणि लिहिलं, नेटवर्क नाही.

"कोरियात नेटवर्क नाही?" विक्रमने विचारलं. "साल्या, तुझा फोनसुद्धा तिथलाच आहे."

त्र्यंबकने उत्तर दिलं, की बुसान डोंगराळ आहे. मग त्याने फोन बंद केला आणि शनिवारभर तो बंद फोनकडे बघत बसला. मायलेकी बोटीतून फिरून आल्या, कोळंबी आणि कसलीशी घट्ट पेज खाऊन आल्या, आणि बऱ्याच दिवसांत हसल्या नव्हत्या तशा हसत आल्या. त्याला पाहून त्यांनी हसणं आवरतं घेतलं. ते त्याला लागलं. पण लागलं म्हणून सुधारला तर तो त्र्यंबक कसला.

रविवारी त्याला गोट्याची आठवण झाली. सगळं आणता येणार होतं. मास्क, जिनसेंग, कुकर, सगळं कॅरीतल्या कोरियन सुपरमार्केटात मिळतं. गोटा मिळत नव्हता. टॅक्सी करून तो जवळच्या समुद्रावर गेला. तिथे मैलोन् मैल वाळू होती, फुटके शिंपले होते, बघावं तिकडे समुद्रपक्षी होते. दगड औषधालाही नव्हता.

"बाबा, जस्ट टेल मिसेस हान," अनिका म्हणाली. "शी इज द ओन्ली वन हू विल गेट इट."

"पोरगी बरोबर सांगतेय," सुलेखा म्हणाली.

त्र्यंबक म्हणाला, बघू. मराठीत याचा अर्थ नाही.

परतीचा प्रवास म्हणजे जाण्याचीच कवायत, उलटी. स्टेशनातून सुपरमार्केट, तिथून एअरपोर्ट, कारण विक्रम न्यायला येणार होता. डॉलरातल्या किमतींची लेबलं त्र्यंबकने एअरपोर्टच्या बाथरूममध्ये हात वाळवायच्या गरम हवेखाली धरून सोलून काढली. नीलांबरीने मास्क उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली, हे तर आपल्या इथे मिळतात. इथे जे येतं ते एक्सपोर्टचं, त्र्यंबकने तिला सांगितलं, आणि हे ते लोक स्वतःसाठी ठेवतात. तिने चेहऱ्याला लावून बघितल्यावर तिलाही फरक जाणवला. चार जणींनी पुढच्या खेपेला अजून आण म्हणून सांगितलं. मंडळात त्र्यंबकचा भाव वधारला. विक्रमने पोर्तुगालबद्दल बोलणं थांबवलं, हे तर सगळ्यांवर उपकारच झाले.

राहता राहिला गोटा. तो त्याला बागकामाच्या दुकानात मिळाला. फुलझाडांभोवती मांडायचे गुळगुळीत करडे गोटे, पण सुटे नाहीत, पोत्याने. पोतं त्याने कमरेत कळ येईपर्यंत ओढत गाडीत घातलं, गॅरेजमध्ये ओतलं, आणि अर्धा तास उकिडवा बसून त्यातला एक निवडला. छोटा, एका बाजूला पांढरी रेघ असलेला. तो त्याने मिठाच्या पाण्यात भिजत ठेवला. का, ते त्यालाच ठाऊक.

मिसेस हान यांनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला. त्यांनी तो गालाला लावला. मग डोळे मिटून त्या बराच वेळ दारातच उभ्या राहिल्या, आणि त्र्यंबकला कुठे बघावं कळेना.

"आवाज ऐकलात?" त्यांनी विचारलं. "लाट परत जाताना?"

आता बोलायला हवं होतं. आत्ताच, ताबडतोब. त्याला लाज वाटत होती, खरीखुरी. मिसेस हान ना विक्रम होत्या ना मंडळ. त्यांनी मायेने बघितलं असतं तरी चाललं असतं. पण तोंड उघडल्यावर बाहेर आलं ते एवढंच.

"हो. ऐकला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मिसेस हान यांनी हाताने केलेल्या किमचीची, म्हणजे कोबीच्या कोरियन लोणच्याची, मोठी बरणी आणून दिली. सुलेखाने ती फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवली. ही त्या दगडाची आहे, म्हणाली, मी खाणार नाही. अनिकानेही खाल्ली नाही. त्र्यंबक एकटाच महिनाभर रोज थोडी थोडी खात राहिला, आणि रोज त्याचं पोट बिघडत राहिलं. किमचीचा त्यात दोष नव्हता.

एप्रिल आला. थंडीभर घरात ठेवलेली तुळस सुलेखाने बाहेर पायरीपाशी आणली. शनिवारी त्र्यंबक कॉफी घेऊन बाहेर आला, तर कुंडीभोवती गोट्यांचं कडं. नीट, एकाला एक लावून, दुहेरी. गॅरेजमध्ये पायात येत होते, सुलेखा म्हणाली. तिने ते मुद्दाम केलं की सहज, हे त्याने विचारलं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांनी काही प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत असतात.

आणि तेवढ्यात मिसेस हान बरणी न्यायला आल्या.

त्र्यंबक पुढे झाला. कुंडी आणि त्यांच्यामध्ये उभं राहता येईल असं त्याला वाटलं. पण गेल्या वर्षात त्याचं पोट सुटलं असलं तरी अजून तेवढं सुटलं नव्हतं. मिसेस हान यांनी मान थोडी कलती केली आणि त्याच्या बाजूने बघितलं. मग त्या सावकाश आल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि बघत राहिल्या. त्यांनी अंगातल्या स्वेटरच्या खिशात हात घातला. पांढऱ्या रेघेचा गोटा खिशातच होता. थंडीभर दिवसा तो तिथेच असायचा, अनिकाने नंतर सांगितलं. झोपताना त्या तो उशाशी ठेवायच्या.

कड्यात एका जागी फट होती. तिथे त्यांनी तो ठेवला आणि बोटाने हलकेच दाबून बसवला. अगदी बरोबर बसला.

"मी एकच सांगितला होता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुमचं सामान फार जड झालं असेल."

सुलेखाने आतून घासून पुसून ठेवलेली बरणी आणली. मिसेस हान यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, सुलेखाला वाकून नमस्कार केला, आणि त्या गेल्या. जाताना त्र्यंबकच्या कचऱ्याच्या डब्यापाशी थांबल्या, तो रस्त्यावरून उचलून त्यांनी त्याच्या जागी लावला, आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्र्यंबक पायरीवर बसला. मग खाली उतरून गुडघ्यांवर आला. तो गोटा तरी त्यांना परत द्यायला हवा, असं त्याला वाटलं, आणि या वेळी खरं सांगून द्यायचा, असंही वाटलं. त्याने एक उचलला. त्याला रेघ होती. त्याच्या शेजारच्यालाही होती. त्याने दुसरा उलटला, तिसरा उलटला, सगळं कडं विस्कटलं. दुकानाच्या पोत्यातले सगळेच गोटे करडे, सगळेच गुळगुळीत, आणि निम्म्यांना पांढरी रेघ. त्यातला बुसानचा कुठला, ते त्याला काही केल्या ओळखता येईना.